‘उद्या ये’ म्हणणारा लोवेल

लोवेल स्ट्रिकलर दुकानदार म्हणून अगदी शून्य होता, आणि हे मी त्याच्या तोंडावर बावीस वर्षं सांगत आले. आमच्या काउंटीच्या जत्रेच्या मैदानात एक लांबलचक पत्र्याची शेड आहे. ऑगस्टात तिथे बक्षिसासाठी डुकरं आणि कालवडी उभ्या करतात. एरवी महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तिथेच बंदुकांचा बाजार भरतो. माझं टेबल वाळवलेल्या मांसाचं, शेजारचं लोवेलचं, जुन्या बंदुकांचं. मधे एक खांब, आणि खांबाशी लोवेलच्या बायकोने, आर्लीनने, दिलेला अंड्याच्या सँडविचचा डबा. तो दोघांनी मिळून संपवायचा असा तिचा हुकूम होता. ही नोरीन, म्हणजे मी, दिवसभर टेबलावरचं आपलंच मांस चघळते आणि मग पोट दुखतं म्हणून कुरकुरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चौतीस वर्षं लोवेलने गिअरच्या कारखान्यात दाते घासले. कारखाना इंडियानातून उठून दुसरीकडे गेला तेव्हा त्याचे सोबती कुणी दारूच्या, कुणी चर्चच्या नादी लागले. हा आधीच बंदुकांच्या नादी होता, मग पुरताच लागला. कुणाचा म्हातारा गेला की घरची माणसं माळा उपसायची आणि लोवेलला फोन करायची. तो जाऊन चार जुन्या बंदुका घ्यायचा, आठवडाभर तेल-चिंध्या घेऊन बसायचा, आणि पेन्सिलीने कार्डावर किंमत लिहून टेबलावर मांडायचा. किंमत मुद्दाम वीस डॉलर जास्त लिहायचा, कारण त्याला घासाघीस हवी असायची. गिऱ्हाईकाने नळीत डोकवावं, घोडा मागेपुढे करून बघावा, नाक मुरडावं, पंधरा डॉलर कमी करायला सांगावं, मग दोघांनी आपापल्या बापाच्या शिकारीच्या थापा मारून दहावर तोडावं. असं झालं की गडी दिवसभर खुश.

आणि घासाघीस न करता कुणी घाईने पैसे पुढे केले, की लोवेल म्हणायचा, "उद्या ये."

नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. आज पैसे देतोय तर उद्या कशाला? लोवेल वाद घालायचा नाही. बंदुकीला सुतळीने चिठ्ठी बांधायचा, त्यावर त्या माणसाचं नाव लिहायचा आणि बंदूक टेबलाखाली घोंगडीत ठेवून द्यायचा. "तुझीच आहे. दुसऱ्याला देत नाही. उद्या ये आणि घेऊन जा." रविवारी संध्याकाळी कुणी घाईने आलं तर मग पुढच्या महिन्यात ये. बाजारात सगळे त्याला हसायचे. मी तर सगळ्यात जास्त. हातात आलेली लक्ष्मी परत पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचं कारण मला आर्लीनने सांगितलं, त्याने कधीच नाही. मी या बाजारात यायच्या आधीची गोष्ट, सत्याऐंशी सालच्या मार्चमधली. ओतकामाच्या भट्टीवरचा एक माणूस शनिवारी दुपारी आला आणि एक रिव्हॉल्व्हर मागितलं. नळी बघितली नाही, डावीकडे मारतं का विचारलं नाही, कार्डावरचा आकडा होता तेवढे पैसे ठेवले आणि गेला. लोवेलला आनंद झाला, वीस डॉलर फुकटात सुटले म्हणून. त्याच रात्री त्या माणसाने स्वतःला संपवलं. रविवारी त्याची बायको शेडमध्ये आली. टेबलाटेबलाशी विचारत लोवेलपाशी पोचली. ती भांडायला आली नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं, की तो दिसत कसा होता, काही बोलला का. आणि लोवेलला काही म्हणजे काही आठवेना. वीस डॉलर तेवढे आठवत होते.

तेव्हापासून ‘उद्या ये’. आमच्याकडे लोवेलसारख्या घरगुती विक्रेत्याला गिऱ्हाईकाची कसली चौकशी करावी लागत नाही, कागद भरावा लागत नाही. माणूस आला, पैसे दिले, बंदूक घेतली, संपलं. मग चौकशी करायची ती लोवेलने आपल्या डोळ्यांनीच. पंचवीस वर्षांत अकरा जण दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, असं आर्लीन म्हणायची. त्यांनी दुसरीकडून घेतली, की झोपून उठल्यावर विचार बदलला, देव जाणे. लोवेल मात्र धरून चालला होता की अकरा वाचले. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, की त्याच्या टेबलासमोर पुन्हा कुणाची बायको येऊन उभी राहू नये.

मग तो डिसेंबर आला. पूर्वेकडच्या एका शाळेत कुणीतरी गोळ्या घालून लहान लहान मुलं मारली. आठवडाभर माणसं टीव्हीसमोर रडली. आणि दुसऱ्या आठवड्यात, खोटं कशाला बोलू, तीच माणसं बंदुका घ्यायला धावली. वॉशिंग्टनला कायदा येणार, लष्करी थाटाच्या काळ्या रायफली बंद होणार, गोळ्यांवर बंदी येणार, घरोघर येऊन काढून नेणार, ज्याच्या तोंडी जे येईल ते. दुकानांतली कपाटं फळी न् फळी रिकामी झाली. खारी मारायच्या गोळ्यांचा पाचशेचा डबा वीस डॉलरला मिळायचा, तो साठला गेला आणि मग साठलाही दिसेना.

जानेवारीच्या शनिवारी सकाळी आठला मी गाडी लावायला गेले तर रांग हमरस्त्यापर्यंत. बर्फ पडत होतं आणि माणसं डोक्यावर टोप्या ओढून उभी होती. दारं उघडली आणि लोंढा आत घुसला. बाजारात एक रीत आहे. ज्याला आपली जुनी बंदूक विकायची, तो नळीत एक काडी खोचतो आणि तिच्यावर किमतीचा कागद लावून फिरतो. त्या दिवशी मी एका माणसाला पहिल्या गल्लीत बाराशेच्या कागदासह पाहिलं. माझ्यापर्यंत पोचेतो त्याने बाराशे खोडून पंधराशे केले होते. परत फिरून आला तेव्हा एकोणीसशे. त्याला विकायची घाई नव्हती, फक्त आकडा वाढताना बघायची चटक लागली होती. आणि मी काही सोवळी नाही. दहा वाजता माझ्या मांसाच्या पाकिटावर मीही दोन डॉलर चढवले. मांसावर कुठला कायदा येणार होता? पण लोक घेत होते.

लोवेलकडे चार काळ्या रायफली होत्या. त्याच्या कारखान्यातला एक मित्र वारला, त्याच्या पोराने त्या दिल्या होत्या. डिसेंबरच्या आधी लिहिलेली कार्डं तशीच, आठशे सत्तर. पलीकडच्या गल्लीत तसलीच एकोणीसशेला जात होती. मग काय विचारता. साडेनवाला त्याच्या टेबलापुढे इतकी गर्दी, की माझी बरणी खाली पडून फुटली. पैसे हातात नाचवत होते लोक. कुणी नळीत डोकवेना, कुणी घोडा ओढून बघेना, घासाघीस तर सोडाच. आणि लोवेल एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणत होता, "उद्या ये."

चार रायफलींना चार चिठ्ठ्या बांधल्या त्याने. पण मागचे हटेनात. त्यांना शिकारीच्या बंदुका द्या, रिव्हॉल्व्हरं द्या, काहीही द्या. त्यांनाही ‘उद्या ये’. टेबलावरचा माल घोंगडीत जायला लागला. लोक चिडले. उद्या कायदा आला तर तू भरून देणार का, म्हणाले. तू सरकारचा माणूस आहेस का, म्हणाले. एकाने मोठ्याने सांगितलं की म्हातारा लबाड आहे, आज दाबून ठेवतोय, उद्या दोन हजाराला काढेल. हे मात्र लोवेलला लागलं. त्याची मान लाल झालेली मी पाहिली.

दुपारी ग्लेन बोमगार्डनर आला. हा बाजार भरवणारा. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्याच्या अंगात आलं होतं. त्याने लोवेलला बाजूला घेतलं, म्हणजे माझ्या खांबाशी, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"लोवेल, मी तुला मानतो. पण लोक तिकीट काढून आत येतात ते माल घ्यायला, ‘उद्या ये’ ऐकायला नाही. तीस जण टेबलासाठी रांगेत आहेत माझ्याकडे. आज काहीतरी वीक, माझ्या डोळ्यांदेखत. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तू घरी बस."

लोवेल खुर्चीवर बसला. सत्तर वर्षांचा माणूस, आणि सगळा दिवस शिव्या खाल्लेला. मला म्हणाला, "नोरीन, मला चेहरे वाचता येईनात. सगळ्यांचा चेहरा त्याच्यासारखाच दिसतोय." त्याच्यासारखा म्हणजे भट्टीवरच्या त्या माणसासारखा, हे मला कळलं.

मी काय बोलले ते सांगते, कारण तेच सांगायला बसले आहे. मी म्हणाले, "अरे बाबा, हे सगळे आज येडे झालेत, दुःखी नाही झालेत. कायद्याला घाबरलेत. पण तुला नाहीच पटत तर ज्याला घाई नाही त्याला वीक. असेल की एखादा. तेवढ्याने ग्लेनचंही तोंड बंद होईल."

आणि मीच दाखवला. तो माणूस अर्धा तास माझ्या टेबलाच्या कडेला उभा होता. पन्नाशीचा असेल. शर्टाला इस्त्री, दाढी नीट केलेली. गर्दीत कुणाला धक्का नाही, कुणावर ओरडणं नाही. एका बाईची पिशवी पडली ती त्याने उचलून दिली. "हा बघ," मी लोवेलला म्हणाले. "याला काडीची घाई नाही."

तो पुढे आला. ड्वेन ओव्हरमायर, धान्याच्या कोठारावर काम करतो म्हणाला. काळ्या रायफलींकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. घोंगडीत न गेलेलं एक जुनं, छोटं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं, ते हातात घेऊ का म्हणून विचारलं. विचारून घेतलं बरं का, त्या दिवशी. नळी उजेडाकडे धरून पाहिली. घोडा सावकाश मागे घेतला. कार्डावर दोनशे दहा होते. तो म्हणाला, "मूठ जरा झिजलीय. एकशे नव्वद?"

लोवेलच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रंग आला. "झिजलीय म्हणून तर हातात बसते. दोनशे पाच."

"माझा बाप म्हणायचा, पहिला आकडा ऐकायचाच नाही."

"माझा बाप म्हणायचा, ज्याला दुसरा आकडा सुचतो त्याच्याशी दोस्ती कर," लोवेल म्हणाला, आणि दोघं हसले.

दोनशेवर तुटलं. मग दहा मिनिटं गप्पा. मक्याच्या भावाच्या, गुडघ्यांच्या. ओव्हरमायर डावखुरा आहे हे लोवेलने हेरलं आणि सांगितलं की घरी डाव्या हाताचं एक चामड्याचं म्यान पडलंय, पुढच्या महिन्यात घेऊन येतो, पैसे नकोत. "आणा की," ओव्हरमायर म्हणाला. मी त्याला मांसाचं एक पाकीट फुकट दिलं. मी, जी मेल्या नवऱ्यालाही फुकट देत नसे. इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी एक सरळ माणूस पाहून. त्याने टोपीला हात लावला आणि निघाला. ग्लेनने लांबून अंगठा दाखवला.

रविवारी चिठ्ठीवाले झाडून सगळे आले. दारं उघडायच्या आधीपासून. एकही गळला नाही. लोवेलने प्रत्येकाला कालच्याच किमतीला दिलं. पंधराव्या मिनिटाला त्यातल्या तीन रायफली काडी खोचून शेडमध्ये फिरत होत्या, दोन हजार एकशे. लोवेलची सुतळी अजून बांधलेली. मी त्याला दाखवलं तर म्हणाला, फिरू दे, चौघंही जिवंत आहेत ना. आणि मग, अगदी लाजत, "तो ओव्हरमायर चांगला होता नाही?"

मंगळवारी मी पेपर उघडला. आमचा पेपर म्हणजे काय, आठ पानं, त्यात दोन जाहिरातींची. मागच्या पानावर मेलेल्यांची नावं. ड्वेन ओव्हरमायर, वय बावन्न, शनिवारी राहत्या घरी अचानक. फुलं पाठवू नयेत. अचानक म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तरी मी कोठारावर काम करणाऱ्या माझ्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, हो, तसंच. बायको वर्षापूर्वी सोडून गेली होती, शुक्रवारी नोकरी गेली. कोठारावरचं आपलं कपाट रिकामं करून, पुसून गेला म्हणे.

मी पेपर घडी करून कचऱ्यात टाकला. त्या दिवशी जेवले नाही. मग बसून विचार करत राहिले. त्या अख्ख्या शेडमध्ये हजार माणसं घाबरलेली होती. उद्या काय होईल, उद्या काय काढून घेतील, उद्या काय मिळणार नाही. ज्याला उद्याची भीती नव्हती असा एकच माणूस होता तिथे, आणि तोच मी बोट दाखवून लोवेलला दिला.

लोवेल पेपर घेत नाही, त्याला बारीक अक्षर दिसत नाही. आर्लीनला मी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नको सांगूस. मीही नाही सांगणार. आणखी एक त्याला झेपायचा नाही.

महिनाभर जमलं. फेब्रुवारीच्या शनिवारी गर्दी तेवढीच, भाव त्याहून चढलेले. लोवेल आला तो नीट भांग पाडून. टेबल मांडायच्या आधी पिशवीतून ते म्यान काढलं. आठवडाभर मेण घासून चकचकीत केलेलं. त्याला सुतळी बांधली आणि चिठ्ठीवर ओव्हरमायरचं नाव लिहिलं. दर थोड्या वेळाने मान उंच करून दाराकडे बघायचा. लोकांना ‘उद्या ये’ चालूच होतं, पण हसून, पूर्वीसारखं. दुपारी सँडविच खाताना मला म्हणाला, "तुझं बरोबर होतं नोरीन. मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होतो. ज्याला घाई नाही तो आपल्याला कळतोच की."

मी सँडविच खाली ठेवलं. आर्लीनला दिलेला शब्द होता. पण तो आता हेच मोजमाप धरून बसणार, शांत माणूस दिसला की विकणार, हे मला दिसत होतं. वर तो पुन्हा दाराकडे बघायला लागला. मला नाही राहवलं.

"लोवेल, तो यायचा नाही."

"का? गाव बदललं?"

मी म्यानाला बांधलेल्या चिठ्ठीकडे बघितलं. बोलायची गरजच पडली नाही. लोवेलने सँडविच डब्यात ठेवलं, झाकण नीट दाबून लावलं.

"कधी?"

"त्याच शनिवारी."

त्याने म्यान पिशवीत परत ठेवलं. मग म्हणाला, "पण त्याने घासाघीस केली नोरीन. दहा डॉलर कमी करून घेतले माझ्याकडून. मरायला निघालेला माणूस दहा डॉलर कशाला कमी करून घेईल?"

मी म्हणाले की मला माहीत नाही. म्हणाले की तुझी चूक नाही, माझी आहे, मीच दाखवला. त्याने ऐकलं असेल असं वाटत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याने तो तसाच राहू दिला, जसं आपण हवेला राहू देतो. मला रडू आलं. त्याला आलं नाही.

थोड्या वेळाने एक जण टेबलाशी आला. पंचविशीचा असेल. फेब्रुवारीच्या थंडीत अंगात जाकीट नव्हतं. त्याने काळी रायफल मागितली नाही, लोवेलकडे तशी राहिलीही नव्हती. समोर पडलं होतं त्या रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं आणि कार्डावरचा आकडाही न वाचता नोटा पुढे धरल्या.

मी वाट बघितली. बावीस वर्षं ज्या दोन शब्दांना हसले, ते दोन शब्द ऐकायला मी कान लावून बसले होते.

लोवेलने नोटा घेतल्या. वरचे चाळीस परत दिले. रिव्हॉल्व्हर जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. त्या संध्याकाळपर्यंत त्याने टेबलावरचं सगळं विकलं, ज्याने मागितलं त्याला. एकाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

मी मात्र त्या पोराच्या तोंडाकडे बघितलं होतं. अगदी नीट बघितलं. तो माझ्या टेबलावरून, हातभर अंतरावरून गेला. माझ्यापुढे एक बाई दोन पाकिटं घेऊन उभी होती, आणि मी तिला सुट्टे दिले.